परिषद कक्ष, दुसरा मजला

“आत्ती, कुबड्या भिंतीला टेकवू नकोस, हातातच धर. घरंगळल्या तर पुन्हा खाली जावं लागेल तुला.”

“धरल्यात गं बाई. तू तुझी वढणी सांभाळ आधी. समदा जिना झाडत निघालीयास.”

ओढणी खरंच जिना झाडत होती. मी वरच्या मजल्याकडे पाठ करून पायरीवर बसले होते. दोन्ही तळवे मागच्या पायरीवर टेकायचे, कंबर उचलून वर घ्यायची, मग कॅलिपर लावलेले पाय एकेक करून ओढून घ्यायचे, की पुढची पायरी. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, तेव्हापासून अगदीच नाइलाज झाला तर मी जिने असेच चढत आले आहे. मानव्य विद्या इमारतीच्या या जिन्याचा इतक्या जवळून अभ्यास मात्र दुसऱ्या कुणी केला नसेल. ‘येथे थुंकू नये’ ही पाटी उभ्याने जाणाऱ्याला दिसते. बसून चढणाऱ्याला त्या पाटीखालचं सगळं दिसतं.

मी तेव्हा इतिहासात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. विद्यापीठ गावाबाहेर माळावर. तीनचाकी सायकल हातांनी फिरवत यायचे, दाराशी लावायचे आणि कुबड्यांवर आत जायचे. पहिलं वर्ष सुखात गेलं, कारण आमचा वर्ग तळमजल्यावर खोली क्रमांक तीनमध्ये भरायचा. दुसऱ्या वर्षी नवं वेळापत्रक लागलं आणि ‘प्रशासकीय कारणास्तव’ वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला. लिफ्ट नव्हती. लिफ्टसाठी सोडलेली जागा होती, तिच्यात कबुतरं राहायची.

वेळापत्रक करायचे आमचे विभागप्रमुख डॉ. रेडेकर. मी त्यांना जाऊन भेटले.

“अगं, वर हवा छान येते,” ते म्हणाले.

“हवा येते सर. मी कशी येऊ?”

“पोरं आहेत की एवढी. उचलून आणतील.”

दोन दिवस पोरांनी मला खुर्चीसकट उचललं. तिसऱ्या दिवशी पहिल्या वळणावर कुणीतरी ‘मोरया’ म्हणालं आणि सगळे हसले. मीही हसले. चौथ्या दिवसापासून गेले नाही.

पण पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. वर्ग खाली आणावा म्हणून मी अर्ज केला आणि वाट बघत बसले. वर्गाच्या वेळेत तळमजल्यावरच्या ग्रंथालयात जायचे. कुबड्या घेऊन शिडीवर चढता येत नाही, म्हणून सगळ्यात खालच्या फडताळात असेल ते वाचायचे. खालच्या फडताळात विद्यापीठाचे परिनियम होते, कारण ते कुणी कधी मागत नाही. मी ते सगळे वाचून काढले. माझ्याआधी ते फक्त वाळवीने वाचले होते, आणि तिनेही अर्ध्यावर सोडले होते.

दिवाळी झाली आणि पत्र आलं. माझ्या अर्जासाठी एक उपसमिती नेमली होती, तिची सभा शनिवारी अकरा वाजता. ठिकाण, परिषद कक्ष, दुसरा मजला. खाली एक ओळ होती. अर्जदाराने समक्ष उपस्थित राहावे, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल.

हे पत्र मी हौसाआत्तीला वाचून दाखवलं. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आठवडी बाजारात वांगी विकायची, आणि तिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा.

“म्हंजी, वर चढाय येत न्हाई ह्ये सांगाय वर चढून जायाचं?” तिने विचारलं.

“हो.”

“आन् चढलीस तर?”

“तर म्हणतील, चढतेस की.”

“आन् न्हाई गेलीस तर?”

“तर गैरहजर.”

आत्तीने थोडा वेळ विचार केला. “लई शिकल्याली माणसं दिसत्यात,” ती म्हणाली.

मी रात्रभर तळमळले आणि शेवटी जायचं ठरवलं. भांडण गैरहजेरीवरून चाललं होतं, त्यात आणखी एक गैरहजेरी नको होती. वर जाऊन त्यांना माझे तळवे दाखवायचे, कपडे दाखवायचे आणि म्हणायचं, बघा, रोज असं येऊ का? त्यासाठी मुद्दाम पांढरा ड्रेस घातला होता.

तर असा तो जिना. वर पोचले तेव्हा पांढऱ्या ड्रेसवर जिन्याचा सगळा इतिहास उमटला होता. आत्तीने हात देऊन मला उभी केली, कुबड्या दिल्या. व्हरांड्याच्या टोकाला ‘परिषद कक्ष’ अशी पितळी पाटी होती. पाटीखाली दार होतं. दाराला कुलूप होतं, आणि कुलपाला कोळ्याचं जाळं.

“आज न्हाई वाटतं,” आत्ती म्हणाली.

“आजच आहे. येतील.”

मी दाराला पाठ टेकून खाली बसले. शनिवार असल्यामुळे वर्ग नव्हते. सगळ्या मजल्यावर एक मी, एक आत्ती आणि कबुतरं. हवा मात्र खरंच छान येत होती. रेडेकर सर खोटं बोलले नव्हते.

अकरा वाजून गेले. कुणी येईना.

“बगून येते,” म्हणून आत्ती खाली गेली, आणि थोड्या वेळाने जिन्याच्या पोकळीतून तिचा बाजारचा आवाज वर आला.

“सुगंधेऽऽ! हितं हैत गं समदी! भडंग खात बसल्यात!”

मी कठड्यापर्यंत सरकत गेले. “कुठं?”

“त्या लाल दाराच्या खोलीत! तुझा डबा घेऊन मी जितं येत हुते न्हवं, तितं!”

मला आधी कळलंच नाही. लाल दाराची खोली म्हणजे खोली क्रमांक तीन. माझा वर्ग. तिथे हे लोक बसले होते.

आणि मग एकदम सगळं कळलं. आमच्या अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डॉ. मगदूम सरांच्या गुडघ्याचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालं होतं. सगळ्या समित्यांचे तेच अध्यक्ष, याही समितीचे. त्यांना जिना चढवेना, म्हणून समित्यांच्या सभाच खाली आल्या होत्या. आणि सभांना खाली जागा हवी, म्हणून वर्ग वर गेला होता. प्रशासकीय कारण ते हे. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की कुबडी फेकून मारावीशी वाटली. पण खाली आत्ती उभी होती.

एवढ्यात आत्तीने कुणाला तरी हाताला धरून जिन्याखाली आणलं. ते उपकुलसचिव शिरगुप्पे साहेब होते, समितीचे सचिव. सडपातळ माणूस, खिशाला तीन पेनं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“कुमारी तोडकर, आपण अनुपस्थित असल्याची नोंद झालेली आहे.”

“साहेब, मी इथे आहे!”

“वर कशाला गेलात?”

“पत्रात लिहिलंय म्हणून.”

“पत्रात ठिकाण लिहावंच लागतं. परिनियमात परिषद कक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे. म्हणून कुणी वर जातं का?”

“मग लिवता कशाला?” आत्तीने विचारलं.

शिरगुप्पे साहेबांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं की सभा खाली होते. शिपायाला माहीत होतं, चहावाल्याला माहीत होतं. पत्र वाचून पत्राप्रमाणे वागणारं माणूस त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटत होतं. ते क्षणभर गोंधळले, मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“पण म्हणजे आपण चढू शकता,” ते म्हणाले. “स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय. मग अर्जाचं कारणच उरत नाही. तशी नोंद घेतो. या आता सावकाश खाली.”

ते वळले. याच वाक्याला मी रात्रभर भ्याले होते, आणि ते इतक्या सहज बोललं गेलं. डोळ्यांत पाणी आलं. पण माझा एक गुण म्हणा किंवा अवगुण, मला रडू आणि राग एकाच वेळी येतात, आणि राग आधी तोंडातून बाहेर पडतो.

“साहेब, थांबा!” मी ओरडले. “पत्रात ठिकाण दुसरा मजला आहे. मी त्या ठिकाणी आहे. गैरहजर तुम्ही आहात!”

ते थांबले.

“आणि सूचनेत दिलेल्या ठिकाणाखेरीज दुसरीकडे झालेली सभा झालीच नाही असं समजतात. परिनियमात आहे. मी वाचलंय.”

“कुणी वाचलंय?” शिरगुप्पे साहेबांचा आवाज बदलला.

“मी. ग्रंथालयात, खालचं फडताळ. मला अनुपस्थित लिहिलंत ती सभाच झालेली नाही. आणि या वर्षी त्या खोलीत झालेली एकही सभा झालेली नाही!”

 खालच्या व्हरांड्यातून धावत येणाऱ्या बुटांचा आवाज आला आणि रेडेकर सरांचा चेहरा शिरगुप्पे साहेबांच्या शेजारी उगवला. ओठांवर भडंगाचा एक दाणा होता.

“एकही नाही म्हणजे?” त्यांनी विचारलं. “माझ्या प्राध्यापकपदाला मंजुरी दिली ती सभा?”

“तीही त्याच खोलीत झाली होती, सर,” शिरगुप्पे साहेब हळूच म्हणाले.

त्यानंतर रेडेकर सर ज्या वेगाने वर आले, तो मी आजही विसरले नाही. दोन दोन पायऱ्या घेत, टाय खांद्यावर टाकून. वर येऊन आधी दाराला हात लावून आले, मग कठड्याशी माझ्या शेजारी उभे राहिले आणि खाली ओरडले, “शिरगुप्पे, मी हजर! आजची सभा तरी नीट लावा. नोंद घ्या!”

“एकट्याने गणपूर्ती होत नाही, सर. तीन सदस्यांची समिती. किमान दोघं हवेत.”

“तिसरे चौगुले कुठायत?”

“ते मुलाकडे अमेरिकेत असतात.”

सगळ्यांनी, म्हणजे वरून आम्ही आणि खालून आत्तीने, एकाच माणसाकडे पाहिलं. डॉ. मगदूम काठी टेकत खोली क्रमांक तीनमधून बाहेर आले होते. तरुणपणी तालमीत घडलेलं भक्कम शरीर, आणि ते शरीर पेलताना थकलेले दोन गुडघे.

“काय ओ, काय गडबड लावलीय?” त्यांनी विचारलं.

शिरगुप्पे साहेबांनी सगळं समजावलं. सर ऐकत होते, अधूनमधून वर बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस एक फर्मान काढेल आणि मला उचलून खाली आणतील. मी कठड्याची सळई घट्ट धरली.

“येतो वर,” सर म्हणाले.

पहिल्या मजल्यापर्यंत ते काठी आणि कठडा धरून आले. आत्ती मागे हात पसरून चालत होती, ते कलंडलेच तर तिथल्या तिथे झेलणार असल्यासारखी. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते थांबले. कपाळावरून घाम गळत होता. गुडघ्यावर हात दाबून ते पायरीवर बसले ते बसलेच.

“रेडेकर,” थोड्या वेळाने त्यांनी खालूनच विचारलं, “वर्गाला वर हवा छान येते असं तुम्ही मला सांगितलं होतं न्हवं? मला तर इथं श्वाससुद्धा येईना झालाय.”

रेडेकर सरांनी खांद्यावरचा टाय खाली घेतला.

“पोरी,” मगदूम सरांनी मला हाक मारली, “तू कशी चढलीस?”

“बसून, सर. वरच्या पायरीकडे पाठ करून.”

“आणि वर्ग आधी कुठं होता तुमचा?”

“खोली तीनमध्ये सर. तुम्ही आत्ता बसला होता तिथे.”

सरांनी मान हळूच वर केली आणि रेडेकर सरांकडे पाहिलं. “मला म्हणाला होता ती खोली रिकामी आहे.”

“सर, रिकामी केली,” रेडेकर सर म्हणाले. “तुमच्या गुडघ्यासाठीच.”

 लिफ्टच्या जागेतली कबुतरं तेवढी घुमत होती. मला वाटतं, सरांना त्या क्षणी गुडघ्यापेक्षा ते वाक्य जास्त दुखलं असावं. मोठ्या माणसाची सोय करणारे लोक त्याला विचारून करत नाहीत, आणि कुणाच्या जिवावर केली हे त्याला सांगतही नाहीत.

मग सरांनी काठी आत्तीच्या हातात दिली. बूट काढले, तेही तिच्याच हातात दिले. आणि माझ्याकडे पाठ करून नीट बसले.

“सांग. पुढं काय करायचं?”

“सर, नको,” रेडेकर म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा ओ. सांग पोरी.”

“हात मागच्या पायरीवर टेका सर. आता कंबर उचला. आधी कंबर, मग पाय. पायांनी ढकलायला जाऊ नका, हातांनी घ्या.”

“अशी?”

“आणखी थोडं मागे. हां. झाली एक.”

तालमीतले हात होते, त्यांना एकदा गुपित कळल्यावर सर भराभर येऊ लागले. सफारीचा पार्श्वभाग जिना पुसत होता. ‘येथे थुंकू नये’ या पाटीजवळ ते क्षणभर थांबले.

“शिरगुप्पे! ह्या पाटीखालचं कधी पाहिलंय का तुम्ही?”

“नाही सर.”

“या इथं, बसा आणि पाहा.”

आत्ती एका हातात बूट आणि एका हातात काठी घेऊन पायरी पायरीने मागून येत होती आणि सरांना उत्तेजन देत होती. “आली, आली! आता थोडक्यात हाय, मास्तर! दम सोडू नगा!” अधिष्ठात्यांना मास्तर म्हणणारी ती पहिलीच असावी.

शेवटच्या पायरीवर मी हात दिला. माझ्या हाताने त्यांना काही आधार मिळाला नसणार, पण त्यांनी तो घेतला. सरकत सरकत आम्ही दोघं व्हरांड्याच्या टोकाला गेलो आणि कुलूप लागलेल्या दाराला पाठ टेकून बसलो. मग सरांनी तळवे उताणे करून बघितले. ते माझ्या तळव्यांसारखेच काळे झाले होते.

“रोज असं यायचं?” त्यांनी विचारलं. मी तयार केलेलं भाषण संपलंच तिथे.

शिरगुप्पे साहेब वही घेऊन आले आणि जरा विचार करून तेही खाली बसले. रेडेकर सर एकटेच उभे होते, मग त्यांनाही बसावं लागलं. सभा सुरू झाली.

“इतिहासाचा वर्ग सोमवारपासून खोली क्रमांक तीनमध्ये,” मगदूम सर म्हणाले. “तिची बुडालेली हजेरी विभागाने बुडवली आहे, ती भरून धरा. रेडेकर, मान्य?”

“मान्य सर. एकमताने मान्य.”

“पण मग समित्यांच्या सभा?” शिरगुप्पे साहेबांनी विचारलं.

“त्याच खोलीत. पाच वाजता, वर्ग सुटल्यावर.”

“तसं करता येणार नाही, सर. सभास्थान परिषद कक्ष, दुसरा मजला. परिनियम बदलायला अधिसभा लागेल, राज्यपालांची मान्यता लागेल. दोन वर्षं जातील. आणि मागच्या सभा...”

“माझी मंजुरी,” रेडेकर सर म्हणाले.

शिरगुप्पे साहेबांनी डोळे मिटले. खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं, दुसरं काढलं. मग डोळे उघडले तेव्हा ते हसत होते. त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

“सर, परिनियमात सभास्थानाचं नाव आहे. ते नाव कोणत्या खोलीला द्यायचं, हे कुठेही म्हटलेलं नाही. खोली क्रमांक तीनला आपण ‘परिषद कक्ष, दुसरा मजला’ असं नाव देऊ. पूर्वलक्षी प्रभावाने. म्हणजे मागच्या सभाही योग्य ठिकाणी झाल्या असं होईल.”

मगदूम सर त्यांच्याकडे बघत राहिले. “शिरगुप्पे, ती खोली तळमजल्यावर आहे.”

“नावाला काय सर? नाव आहे ते.”

ठराव मंजूर झाला. उतरताना आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून उतरलो, मी डावीकडे आणि सर उजवीकडे. पुढे आत्ती, दोन कुबड्या, एक काठी आणि बूट घेऊन. खाली खोली तीनमध्ये भडंग उरलं होतं. ते आत्तीने संपवलं.

सोमवारी मी सायकल लावून आत गेले तर सुतार लाल दारावर पितळी पाटी ठोकत होता. परिषद कक्ष, दुसरा मजला. तिच्याखालून मी आत गेले, माझ्या जुन्या बाकावर बसले, आणि वर्ष पुरं होईपर्यंत एकही तास बुडवला नाही. सभा असली की पाचच्या आधी मगदूम सर दाराबाहेर येऊन काठी टेकून उभे राहायचे. तास लांबला तरी आत डोकवायचे नाहीत. एकदा रेडेकर सरांनी त्यांना पाहून मध्येच शिकवणं थांबवलं, तर बाहेरून आवाज आला, “चालू द्या, चालू द्या. आमची वेळ पाचची आहे.”

आता मी स्वतः इतिहास शिकवते, तासगावला. एम.ए.ची गुणपत्रिका हातात आली त्या दिवशी आत्तीने बाजारात पेढे वाटले होते. पहिला वर्ग म्हणजे काय हे तिला नीट कळलं नव्हतं, पण ती प्रत्येक गिऱ्हाइकाला वांगी तोलता तोलता सांगत होती.

“आमची सुगंधा दुसऱ्या मजल्यावर शिकून पास झाली.”

एका बाईने माझ्या कुबड्यांकडे पाहिलं. “मग गं हौसाबाई, ही चढत कशी हुती?”

“चढतीय कशाला?” आत्ती म्हणाली. “मजला खाली आणला तिनं.”